साताऱ्याचा राजवाडा : दरबार, कचेरी आणि शाळा

साताऱ्यास जाणाऱ्या उतारूला गांवांत कोठें उतरावयाचें असें विचारलें, तर बहुधा 'राजवाड्यापाशीं' असें उत्तर मिळतें. मोटारी तेथें थांबतात, बाजाराच्या वाटा तेथून फुटतात, संध्याकाळीं गोल बागेंत मंडळी तेथेंच येऊन बसतात. राजवाडा हें साताऱ्यांत आतां केवळ एका वास्तूचें नांव राहिलेलें नाहीं, तें एका ठिकाणाचें नांव झालें आहे. आणि ज्या वस्तूवरून ठिकाणाला नांव पडलें तिच्याकडे मान वर करून पाहण्याचें हळूहळू सोडून द्यावें, हा शहरांतील माणसांचा स्वभावच आहे. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं या वाड्याच्या सावलींत उभें राहून गाडीची वाट पाहिली असेल. पण या राजवाड्यांत राजे किती वर्षें राहिले, असा प्रश्न कोणी केला तर त्याचें उत्तर थोडें चमत्कारिक आहे. नवा राजवाडा बांधून पुरा झाला आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांत साताऱ्यास राजा उरला नाहीं. पुढें पिढ्यान्‌पिढ्या या भिंतींमध्यें जें नांदलें तें राज्य नव्हे. एका वाड्यांत न्यायाची कचेरी नांदली आणि दुसऱ्यांत मुलांची शाळा.

राजवाडा हा एकच शब्द साताऱ्यांत शेजारशेजारच्या दोन वाड्यांना लावला जातो. जुना राजवाडा छत्रपति प्रतापसिंह महाराजांनीं १८२४ सालीं बांधला. नवा राजवाडा त्यांचे धाकटे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांच्या कारकीर्दींत, १८४४ च्या सुमारास, पुरा झाला. वीस वर्षांच्या अंतरानें दोन भावांनीं बांधलेले हे वाडे आहेत. परंतु या वीस वर्षांच्या मध्यभागीं एका भावाला गादीवरून उतरवून दुसऱ्याला बसविण्यांत आलें, हें ध्यानांत ठेवल्यावांचून त्या दोन वाड्यांचा इतिहास उलगडत नाहीं.

त्याही पूर्वीं साताऱ्याचें राजेपण डोंगरावर होतें. अजिंक्यताऱ्याचा किल्ला १७०० सालीं औरंगजेबानें घेतला, मराठ्यांनीं तो पुन्हां मिळविला, आणि १७०८ च्या जानेवारींत थोरल्या शाहू महाराजांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. किल्ल्याच्या पायथ्याशीं शहर वसविलें तें या शाहू महाराजांनीं. त्यांच्या वेळचा रंगमहाल पुढें आगींत नाहींसा झाला. पेठा मात्र राहिल्या. १७४९ च्या डिसेंबरांत महाराज वारले आणि दुसऱ्याच वर्षीं ताराबाईंनीं रामराजाला किल्ल्यावर कैदेंत टाकलें. तेव्हांपासून जवळजवळ सत्तर वर्षें कारभार पुण्यास आणि गादी साताऱ्यास, अशी व्यवस्था चालली. नव्या पेशव्याला वस्त्रें साताऱ्याहून जात. पण वस्त्रें देणाऱ्याला किल्ल्याबाहेर पडावयाचें झालें तर वस्त्रें घेणाऱ्याची परवानगी लागे. राजा आणि त्याचा राजवाडा या दोन गोष्टी इतका दीर्घ काळ एकमेकांपासून तुटलेल्या क्वचितच कोठें पाहावयास मिळतील.

१८१८ सालीं हा डाव मोडला. फेब्रुवारी महिन्यांत इंग्रजांनीं साताऱ्याचा किल्ला घेतला, एलफिन्स्टननें आपला जाहीरनामा काढला, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेस अष्टीच्या लढाईनंतर पेशव्याच्या छावणींत असलेले प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हातीं आले. त्या वेळीं त्यांचें वय पंचवीस वर्षांचें होतें. एप्रिलमध्यें त्यांना गादीवर बसविण्यांत आलें. २५ सप्टेंबर १८१९ रोजीं तह झाला व १८२२ सालीं, रेसिडेंट ग्रँट डफ याच्या देखरेखीखालीं कांहीं वर्षें काढल्यावर, कारभार महाराजांच्या स्वाधीन झाला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच ग्रँट डफ. त्याच्या ग्रंथाची पुष्कळशी सामग्री साताऱ्याच्या दप्तरांतूनच जमलेली आहे.

या तहांतील एक कलम पुढें फार महाग पडलें. परराज्यांशीं, अन्य सरदारांशीं, किंबहुना आपल्या राज्याबाहेरच्या कोणाशींहि रेसिडेंटच्या मार्फतीशिवाय पत्रव्यवहार ठेवावयाचा नाहीं, असें तें कलम होतें. सोयरिकीचीं बोलणींसुद्धां त्यांतून सुटलीं नव्हतीं. राज्य दिलें, पण त्या राज्याला वेशीबाहेर बोलण्याचें तोंड ठेवलें नाहीं. अशा मर्यादेंत राहून प्रतापसिंहांनीं जें केलें तें पाहण्यासारखें आहे. महाबळेश्वरच्या डोंगरापर्यंत त्यांनीं रस्ता नेला. १८२९ सालीं तें ठिकाण त्यांनीं इंग्रजांस दिलें व त्याच्या मोबदल्यांत वाई तालुक्यांतील खंडाळा घेतलें. शहरांत पाण्याची सोय केली, छापखाना घातला, विद्यार्जनाला उत्तेजन दिलें. त्यांची रोजनिशी प्रसिद्ध आहे. आणि १८२४ सालीं किल्ल्याच्या खालीं, शहराच्या मध्यभागीं, त्यांनीं आपला वाडा बांधला. राजघराण्यांतील मुलींना येथें शिक्षण दिलें जाई, असें या वाड्याविषयीं सांगतात. पुढें ज्या वास्तूंत शाळा भरावयाची होती तिच्यांत अक्षरओळख राजाच्या वेळींच शिरली होती.

मराठी वाड्याची रचना ज्यांनीं जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण ही रचनाच पुढें या वाड्यांच्या कामास आली. वाडा म्हणजे एक मोठें घर नव्हे. वाडा म्हणजे मोकळ्या चौकाभोंवतीं गुंफलेल्या अनेक घरांची एक माळ होय. घडीव दगडाचें उंच जोतें, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, आणि तुळयांवर कडीपाट. भार वाहण्याचें काम मुख्यत्वें लांकडाच्या सांगाड्याकडे असतें. विटांच्या भिंती त्याच्या मधल्या जागा भरून काढतात. त्यामुळें एखादी भिंत काढली किंवा नवी घातली तरी माडी ढासळत नाहीं. दारांतून आंत आलें कीं प्रथम देवडी, तेथें पहारा. मग बाहेरचा चौक. चौकाच्या एका अंगास सदर, म्हणजे कारभाराची बैठक. आणि सदरेच्या पलीकडे, परक्याची दृष्टि पोहोंचणार नाहीं अशा बेतानें, घरच्या माणसांचे चौक. कोणीं कोठपर्यंत यावें हें वाड्यामध्यें सांगावें लागत नाहीं. पायऱ्या, उंबरे आणि चौक हेच तें सांगतात. देवडीशीं थांबणारा वेगळा, चौकांत उभा राहणारा वेगळा, सदरेवर बसणारा वेगळा.

या वाड्याचा मालकच देवडीबाहेर काढला गेला तो प्रसंग १८३९ सालचा. महाराजांवर तीन मुख्य आरोप होते : गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं पत्रव्यवहार, आणि कंपनीच्या पलटणींतील शिपायांना फितविण्याचा प्रयत्न. पुराव्याच्या खरेखोटेपणाविषयीं खुद्द इंग्रजांतच मतभेद होता. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक ऑगस्ट महिन्यांत जातीनें साताऱ्यास आले. आरोप मान्य असल्याचें लिहून द्यावें, पुढें तह पाळण्याचें वचन द्यावें, म्हणजे मागचें सारें विसरूं, असा त्यांच्या बोलण्याचा इत्यर्थ होता. एका सहीवर गादी राहत होती. महाराजांनीं सही केली नाहीं. जें केलें नाहीं तें केलें असें लिहून देणार नाहीं, हें त्यांचें म्हणणें होतें. फौज नाहीं, किल्ले नाहींत, बाहेर पत्र लिहिण्याची मुभा नाहीं, अशा राजाजवळ स्वतःची म्हणून उरलेली वस्तु एकच होती, आणि ती म्हणजे नकार. ती त्यांनीं विकली नाहीं. सप्टेंबरच्या आरंभीं पहाट होण्यापूर्वीं वाड्याला वेढा पडला आणि रेसिडेंट ओव्हान्स यानें महाराजांना पालखींत बसवून साताऱ्याजवळच्या लिंब गांवीं नेलें. तेथून त्यांची रवानगी काशीस झाली. १८४७ च्या ऑक्टोबरांत तेथेंच त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी दाद मागण्यासाठीं विलायतेस जाऊन राहिले ते एक तपाहून अधिक; साताऱ्याचा वाडा मात्र महाराजांनीं पुन्हां पाहिला नाहीं.

आप्पासाहेब महाराज गादीवर आले ते अशा पार्श्वभूमीवर. भावाच्या जागीं बसलेल्या या राजाविषयीं लोकांचें मन कडवट असल्यास नवल नाहीं. पण माणसाला त्याच्या गादीवर येण्याच्या रीतीवरूनच मोजावयाचें ठरविलें तर त्याच्यावर अन्यायहि होतो. आप्पासाहेबांनीं रस्ते केले, दवाखाना घातला, शाळांना पैसा दिला, कृष्णा आणि वेण्णा या नद्यांवर पूल बांधविले. हे पूल ज्या स्मिथ नांवाच्या इंजिनियरानें बांधले त्यानेंच नव्या राजवाड्याचें काम केलें. पुलांचा आणि राजवाड्याचा कारागीर एकच असावा यांत त्या काळाची खूण आहे. शंभर वर्षांपूर्वीं असा वाडा गवंडी-सुतारांच्या मुख्याच्या नजरेनें उभा राहिला असता. आतां तेथें नकाशा आला, मोजमाप आलें, आणि दरबाराच्या दालनाच्या लांबीरुंदीचा हिशेब पुलाच्या कमानीसारखा कागदावर होऊं लागला. बांधणी मात्र देशी राहिली : तेच चौक, तेच सागवानी खांब, तीच सदर.

याच सुमारास, साताऱ्याच्या दक्षिणेस कृष्णेच्याच कांठीं, सांगलीच्या वाड्यांतहि एक नवी गोष्ट घडत होती. मिरजेच्या पटवर्धनांपासून विभक्त होऊन १८०१ सालीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं सांगलीस आपलें ठाणें केलें, गणेशदुर्ग बांधला, गणपतीच्या देवालयाचें काम काढलें. त्यांच्याच आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं १८४३ च्या नोव्हेंबरांत 'सीतास्वयंवर' हें नाटक करून दाखविलें आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. सातारकर छत्रपतींच्या पेशव्यांचे पटवर्धन हे सरदार. म्हणजे पायरीनें पाहिलें तर सांगली ही साताऱ्याहून दोन पायऱ्या खालीं. परंतु पुढील शंभर वर्षांत या दोन वाड्यांचें नशीब अगदीं उलट निघालें, आणि त्याचें कारण पराक्रमांत नव्हे, एका कायदेशीर शब्दांत आहे.

तो शब्द 'दत्तक'. ५ एप्रिल १८४८ रोजीं आप्पासाहेब महाराज निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं भोसले कुळांतील एक मुलगा दत्तक घेतला होता. तिकडे काशीस प्रतापसिंहांनींहि मरणापूर्वीं दत्तक घेतलेला होता. हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक पुत्र हा सर्व बाबतींत औरसासारखाच. गव्हर्नर-जनरल डलहौसी यांचें म्हणणें वेगळें होतें. दत्तकाला खाजगी मिळकत मिळेल; परंतु जें राज्य कंपनीनें निर्माण करून दिलें त्याच्या गादीवर कंपनीच्या संमतीवांचून दत्तक बसूं शकत नाहीं, आणि ती संमति देण्यास कंपनी बांधलेली नाहीं. १८१९ च्या तहांत राज्य महाराजांस व त्यांच्या वंशजांस व वारसांस निरंतर दिल्याचे शब्द होते. त्या शब्दांवर बोट ठेवून मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं साताऱ्याचा पक्ष घेतला. त्यांचें चाललें नाहीं. लंडनच्या डायरेक्टरांनीं १८४९ च्या आरंभीं डलहौसींचा निर्णय मान्य केला आणि साताऱ्याचें राज्य खालसा झालें. 'खालसा' या शब्दाचा मूळ अर्थ शुद्ध, निर्भेळ असा आहे. दप्तराची भाषा कधीं कधीं अशी थट्टा करते. डलहौसींच्या या धोरणाचा पहिला मोठा बळी सातारा. झांशी आणि नागपूर हीं त्याच्या मागून गेलीं.

सांगलीचें काय झालें? १८५७ च्या धक्क्यानंतर सरकारला आपली चूक उमगली. निदान तिची किंमत तरी उमगली. १८६२ सालीं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. १९०१ मध्यें सांगलीचे धुंडिराजराव तात्यासाहेब निपुत्रिक वारले तेव्हां घराण्यांतील मुलाला १९०३ सालीं गादीवर बसविण्यास कोणतीच अडचण आली नाहीं. हेच दुसरे चिंतामणराव आप्पासाहेब. १९४८ च्या मार्चमध्यें दक्षिणेंतील संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं तोंपर्यंत सांगलीच्या वाड्यांत सांगलीचाच राजा होता. छत्रपतींचें राज्य १८४८ सालीं बुडालें, त्यांच्या सरदारांच्या सरदाराचें १९४८ सालीं विलीन झालें : मध्यें बरोबर एक शतक.

साताऱ्याच्या राजघराण्याला १८५७ मध्यें आणखी एक पहाट पाहावी लागली. रंगो बापूजींच्या कटाचा सुगावा लागल्यावर ऑगस्टमध्यें सरकारनें राण्यांना व दत्तक पुत्रांना साताऱ्याबाहेर काढलें आणि मुंबईजवळच्या एका बेटावर नेऊन ठेवलें. ८ सप्टेंबर रोजीं गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. कोणी फांशीं गेले, कोणी तोफेच्या तोंडीं, कोणी गोळीनें. रंगो बापूजी स्वतः सरकारच्या हातीं लागले नाहींत. त्यानंतर साताऱ्याच्या वाड्याभोंवतीं वेढा घालण्याचें कारणच उरलें नाहीं.

मोकळ्या वाड्याचें करावयाचें काय, हा प्रश्न इंग्रजी अमलांत ठिकठिकाणीं उपस्थित झाला होता आणि त्याचें उत्तर बहुधा एकच असे : कचेरी. साताऱ्यास नव्या राजवाड्यांत जिल्ह्याचें न्यायालय बसलें आणि ते दीर्घ काळ तेथेंच राहिलें. येथें वाड्याची जुनी रचना आश्चर्य वाटावें इतकी उपयोगीं पडली. दरबाराचें दालन न्यायाधीशाच्या बैठकीला शोभलें. सोप्यांत शिरस्तेदार आणि कारकून बसले. ज्या चौकांत सरदारांच्या पालख्या उतरत त्या चौकांत पक्षकार, साक्षीदार आणि वकिलांचे कारकून पट्टेवाल्याच्या पुकाऱ्याची वाट पाहूं लागले. देवडी होती तेथेंच राहिली. फरक एवढाच कीं, पूर्वीं या चौकांत येण्यास महाराजांची मर्जी लागे. आतां समन्स लागूं लागलें.

या चौकांत कोण येत होतें, हें त्या काळच्या जिल्ह्याचा नकाशा पाहिल्याशिवाय नीट कळत नाहीं. सातारा जिल्हा तेव्हां आजच्यापेक्षां फार मोठा होता. वाळवें, तासगांव, खानापूर हे आज सांगली जिल्ह्यांत असलेले तालुके साताऱ्याखालीं होते. तासगांवचा शेतकरी सांगलीच्या अगदीं जवळ. पण सांगली पडली संस्थानांत, त्यामुळें जिल्ह्याच्या कोर्टाचें काम निघालें कीं त्याला सांगलीकडे पाठ करून साताऱ्याची वाट धरावी लागे. आगगाडी आली तरी तिचें सातारा रोड स्टेशन गांवापासून सुमारें दहा मैलांवर. तेथून टांगा, आणि टांग्याला पैसे नसतील तर पाय. एक तारीख म्हणजे शेतीच्या कामांतले चार दिवस. आणि पुढली तारीख पडली कीं तेंच पुन्हां.

आणि ही माणसें येत कशासाठीं? बहुतेक कर्जासाठीं. १८७५ मध्यें पुणें आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगे केले, रोखे आणि खतें जाळलीं. त्यांतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा निर्माण झाला आणि तो पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. या कायद्याचें मर्म अगदीं सोपें आहे. तोंवर कोर्टापुढें रोखा आला कीं त्यावरची रक्कम आणि खालचा अंगठा पाहून हुकूमनामा होई. नव्या कायद्यानें न्यायाधीशाला सांगितलें, रोख्याच्या पाठीमागें जा. व्यवहार आरंभापासून उकलून पाहा. मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हें स्वतः काढ. आणि मग हप्ते बांधून दे. कर्जासाठीं शेतकऱ्याला तुरुंगांत टाकण्याची पद्धत बंद झाली. या कायद्याखालील कामांची तपासणी करीत फिरण्यासाठीं जे विशेष न्यायाधीश नेमले गेले त्यांत न्यायमूर्ति माधव गोविंद रानडे होते. कायद्यानें सावकारी संपली नाहीं. सावकारांनीं रोख्याऐवजीं खरेदीखत लिहून घेण्याची युक्ति काढली. तरी अंगठ्याच्या ठशामागें एक माणूस आहे आणि त्याचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे, एवढें तरी या कायद्यानें कचेरीला शिकविलें.

तें पुरेसें झालें नाहीं याचा पुरावा याच जिल्ह्यानें पुढें दिला. १९४३ ते १९४६ या काळांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकार चाललें. 'पत्री सरकार' म्हणून त्याच्या मारहाणीच्या कथा लोकांच्या तोंडीं फार आहेत; परंतु त्याचें अधिक विलक्षण अंग म्हणजे गांवोगांवचीं न्यायदान मंडळें. सावकारानें दाबलेली जमीन, भाऊबंदकीची वाटणी, टाकलेल्या बायकोची पोटगी, असे तंटे गांवच्या चावडींत किंवा एखाद्या मळ्यांत, सर्वांच्या देखत, एकदोन बैठकींत मिटविले जाऊं लागले. वाळव्याहून साताऱ्यास हेलपाटे घालणाऱ्या माणसाला त्यांत काय वाटलें असेल तें सांगावयास नको. या मंडळांच्या कामांत दोष होते. जेथें वकील नाहीं आणि अपील नाहीं तेथें ते असणारच. पण राजवाड्यांतल्या कोर्टाला कोणीं आग लावली नाहीं, तेथें जाण्याचेंच सोडलें, ही गोष्ट कोणत्याही सरकारला दंग्यापेक्षां अधिक झोंबणारी आहे. त्याच १९४३ सालीं २४ जुलैस वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या गणेशदुर्गांतील तुरुंग फोडून बाहेर पडले. इकडे राजवाड्याचें कोर्ट, तिकडे गणेशदुर्गाचा तुरुंग; जुन्या राजांच्या दोन्ही वास्तु त्या वर्षीं एकाच प्रश्नाला तोंड देत होत्या.

१९४९ मध्यें जुना सातारा जिल्हा विभागला गेला. दक्षिण सातारा हा नवा जिल्हा होऊन त्याचें मुख्य ठिकाण सांगली ठरलें; १९६० सालीं त्याला सांगली जिल्हा हें नांव मिळालें. तासगांवकराचा साताऱ्याचा हेलपाटा चुकला. पुढें साताऱ्याचें न्यायालयहि नव्या इमारतींत गेलें आणि नव्या राजवाड्याचे चौक पुन्हां मोकळे झाले. लांकडी सांगाड्याच्या वास्तूला रिकामेपण मानवत नाहीं. माणसें वावरत असलीं कीं कौल सरकलेलें दिसतें, गळती लागलेली कळते, तुळईला वाळवी लागली तर कोणीतरी हांक मारतें. रिकाम्या वाड्यांत हें कोणी पाहत नाहीं. दगडी किल्ला दुर्लक्ष सोसतो. वाडा सोसत नाहीं.

जुन्या राजवाड्याचें मात्र वेगळें झालें. १८५१ सालीं साताऱ्यांत जी सरकारी इंग्रजी शाळा निघाली तिचें घर पुढें हा वाडा झाला. प्रतापसिंहांना ज्या वाड्यांतून बाहेर नेलें त्या वाड्यांत मुलें पाटीदप्तर घेऊन येऊं लागलीं, आणि १९५१ सालीं शाळेला छत्रपति प्रतापसिंह हायस्कूल असें नांव देण्यांत आलें. काशीस वारलेला राजा अशा रीतीनें आपल्या वाड्यांत परत आला असें म्हणण्याचा मोह होतो.

परंतु या शाळेच्या इतिहासांतील सर्वांत मोठी नोंद राजाची नाहीं. लष्करांतून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ हे साताऱ्यास येऊन राहिले होते. त्यांची पत्नी भीमाबाई साताऱ्यासच वारली. त्यांच्या धाकट्या मुलाचें नांव ७ नोव्हेंबर १९०० रोजीं राजवाड्यांतील या शाळेच्या पहिल्या इंग्रजी इयत्तेंत घालण्यांत आलें. शाळेच्या पटावर १९१४ या क्रमांकापुढें तें 'भिवा रामजी आंबेडकर' असें लिहिलें आहे, आणि त्यापुढें त्या मुलाची सही आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या साताऱ्याच्या शाळकरी दिवसांविषयीं पुढें लिहून ठेवलें आहे. वर्गांत गुणांप्रमाणें बसण्याची जागा त्यांना नव्हती. एका कोपऱ्यांत वेगळें बसावयाचें. बसण्यासाठीं तरटाचा तुकडा घरून आणावयाचा आणि संध्याकाळीं घरीं परत न्यावयाचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला शिवत नसे. इतर मुलांना तहान लागली कीं मास्तरांची परवानगी घेऊन तीं नळावर जात. यांना नळाला हात लावण्याची बंदी होती. शिपायानें नळ सोडला तर पाणी मिळावयाचें. शिपाई नसला कीं पाणी नाहीं.

वाड्याच्या रचनेविषयीं वर जें सांगितलें त्याची येथें आठवण होते. देवडी, चौक, सदर : कोणीं कोठपर्यंत यावें हें तेथें उंबरे सांगत. राजा गेला, राज्य गेलें, कंपनी जाऊन राणीचें सरकार आलें, सर्वांना एक कायदा असें त्या सरकारनें जाहीर केलें. पटावर नांव घालून घेण्याइतकें दार उघडलेंहि. पण पटापासून नळापर्यंतचें अंतर कोणत्याही जाहीरनाम्यानें कमी झालें नव्हतें. पुढें २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर जो मनुष्य सहस्रावधि लोकांना घेऊन पाण्याची ओंजळ भरण्यासाठीं उतरला, त्यानें शाळेंतल्या नळाचा हिशेब लहानपणींच मांडून ठेवलेला होता.

१९०४ सालीं आंबेडकर कुटुंब मुंबईस गेलें आणि त्या मुलाचें नांव एल्फिन्स्टन हायस्कुलांत दाखल झालें. साताऱ्याच्या शाळेनें तें पटाचें पान जपून ठेवलें. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यांतील सर्व शाळांतून 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळावा असें ठरविलें, तें त्या पानावरील तारखेवरून.